संग्रहालयातला पथप्रदर्शक

कलासंग्रहालयात येणाऱ्यांना वस्तू दाखवत फिरवणारा स्वयंसेवक पगार घेत नाही. पण त्याचे काम हौसेवर भागत नाही. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाने १९०७ साली या भूमिकेसाठी ‘डोसेंट’ हा शब्द वापरात आणला. त्याचे मूळ ‘शिकवणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या उपक्रमात अशा स्वयंसेवकाला ‘पथप्रदर्शक’ म्हणतात.

काम दालनात पाऊल टाकण्याआधीच सुरू होते. वस्तूचा काळ, माध्यम, घडणीची रीत, सापडल्याची जागा आणि अभ्यासकांमधले मतभेद यांची टिपणे काढावी लागतात. मग तासाभराच्या फेरीसाठी आठ-दहा वस्तू निवडायच्या. त्याहून जास्त घेतल्या की लोकांचे पाय भरून येतात आणि नजर नुसती पुढे सरकत राहते. उभे राहायचे तेही काचपेटीच्या बाजूला, तोंड लोकांकडे करून. समोर उभे राहिले तर वस्तूच झाकली जाते.

खरी कसोटी बोलण्याआधी थांबण्याची असते. मोहेंजोदडोची कांस्य ‘नर्तिका’ पाठ्यपुस्तकातल्या चित्रामुळे मोठी वाटते; प्रत्यक्षात ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीएवढी आहे. तिच्यापुढे कसलेला पथप्रदर्शक ‘काय काय दिसतंय?’ एवढेच विचारतो. कोणी डाव्या हातातल्या, थेट खांद्यापर्यंत चढलेल्या बांगड्या मोजू लागते. कोणाला कमरेवर टेकवलेला उजवा हात दिसतो. ‘पण ही नाचतेय कुठे? हिला तर पावलंच नाहीत,’ असे एखादे मूल म्हणते, तेव्हा सांगायची वेळ येते: पावले तुटली आहेत आणि ‘नर्तिका’ हे नाव तिच्या उभे राहण्याच्या ढबीवरून अभ्यासकांनी अंदाजाने दिले आहे. घडणीचा विषयही इथेच निघतो. आधी मेणाची आकृती करायची, तिच्यावर माती लिंपून भाजायची, मेण वितळून गेले की पोकळीत धातूचा रस ओतायचा.

शाळेची मुले असतील तर त्यांना एकाच वस्तूपुढे खाली बसवणे सोयीचे पडते. उत्तर ठाऊक नसेल तर तसे स्पष्ट सांगून प्रश्न वहीत टिपला जातो. फेरी संपल्यावर तो अभिरक्षकाकडे जातो आणि मिळालेले उत्तर पुढच्या फेरीच्या टिपणात येते.