पाच सुवर्णं आणि पुढची सोळा वर्षं

फेब्रुवारी १९८०. अमेरिकेतल्या लेक प्लॅसिडच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये एरिक हायडनने पुरुषांच्या स्पीड स्केटिंगच्या पाचही शर्यती जिंकल्या. सर्वांत छोटी ५०० मीटरची, अडतीस सेकंदांत आटोपलेली. सर्वांत लांब १०,००० मीटरची, साडेचौदा मिनिटं दम काढणारी. झटक्याचा वेग आणि दमसास एकाच शरीरात इतक्या टोकाला गेलेले क्वचितच दिसतात. एकाच हिवाळी ऑलिंपिकमध्ये पाच सुवर्णं तोवर कुणालाच मिळाली नव्हती. तेव्हा हायडन २१ वर्षांचा होता. त्याच वर्षी त्याने स्केटिंगमधून निवृत्ती घेतली.

ऑलिंपिक तेव्हा हौशी खेळाडूंचं होतं आणि अमेरिकेत या खेळावर पोट भरण्याची सोय नव्हती. शिवाय वडील मॅडिसनमध्ये अस्थिशल्यविशारद. डॉक्टरकी घरातच पाहिलेली. हायडन स्टॅनफर्डला शिकू लागला, पण खेळ सुटला नाही. स्केटर उन्हाळ्यात सायकलवरच मांड्या कमावतात, तीच सायकल आता व्यवसाय झाली. १९८४मध्ये पदवी, १९८५मध्ये अमेरिकेचं व्यावसायिक रोड रेसिंगचं अजिंक्यपद, १९८६मध्ये टूर द फ्रान्स. तिथे डोंगरउतारावर तो पडला आणि शर्यत अर्धवट राहिली. एम.डी. १९९१मध्ये झाली, तेव्हा वय ३३. अस्थिशल्यचिकित्सेचं पुढचं प्रशिक्षण संपायला १९९६ उजाडलं.

हे सोळा वर्षांचं वेळापत्रक नीट पाहिलं तर एक गोष्ट कळते. शरीराची ऐन उमेदीची वर्षं हायडनने खेळाला दिली आणि शिक्षण लांबू दिलं. तुटू दिलं नाही. असं करणारा तो एकटा नाही. नॉर्वेचा स्पीड स्केटर योहान ओलाव कॉस याने १९९४च्या लिलेहॅमर ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णं विश्वविक्रमांसह जिंकली आणि तोही पुढे वैद्यकशास्त्र शिकला. फिगर स्केटर नेथन चेनने येल विद्यापीठातून रजा घेतली, २०२२मध्ये बीजिंगला सुवर्ण जिंकलं, वर्गात परतला आणि २०२४मध्ये पदवीधर झाला. तिघांच्या गुणवत्तेबद्दल शंका नाही. पण उशिरा आलेल्याला किंवा मध्येच उठून गेलेल्याला बाक देणाऱ्या शिक्षणसंस्थाही त्यांना लाभल्या.

डॉ. हायडन पुढे अमेरिकेच्या स्पीड स्केटिंग संघाचे डॉक्टर झाले. २००९च्या ऑलिंपिक निवड चाचणीत संघातला स्केटर जे. आर. सेल्स्की पडला आणि स्वतःच्याच स्केटच्या पात्याने त्याची मांडी हाडापर्यंत चिरली गेली. त्याला पुन्हा उभं करणाऱ्यांत हायडन होते. पाच महिन्यांनी व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये सेल्स्कीने दोन कांस्यपदकं मिळवली. बर्फावर पात्याची धार आणि मांडीवरचा ताण स्वतः अनुभवलेला डॉक्टर संघाला मिळाला, तो या लांबलेल्या शिक्षणातूनच.

म्हणून ‘खेळ की अभ्यास?’ हा प्रश्न मुलांना टाकण्याआधी एक प्रश्न विद्यापीठांना विचारायला हवा: खेळून परतलेल्याला तुम्ही पुन्हा वर्गात घेणार का?