समस्थिती

शरीराबाहेरील परिस्थिती बदलत असताना आणि शरीराच्या आतही चयापचयाच्या (शरीरात सतत चालणाऱ्या भौतिक व रासायनिक घडामोडींच्या) क्रिया अखंड चालू असताना, कोशिकांभोवतीच्या द्रवाचे तापमान, संहती, अम्लता व घटकांचे प्रमाण ठराविक मर्यादांत टिकवून धरण्याच्या सजीवाच्या क्षमतेला ‘समस्थिती’ म्हणतात. संज्ञेतील ‘स्थिती’ या शब्दामुळे काहीतरी अचल असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात हा तोल तारेवर चालणाऱ्या कसरतपटूच्या तोलासारखा असतो. क्षणोक्षणी ढळतो व क्षणोक्षणी सावरला जातो. तो सावरण्यासाठी शरीराला सतत ऊर्जा खर्च करावी लागते आणि प्रसंगी एक तोल राखण्यासाठी दुसरा ढळू द्यावा लागतो.

लंडनमध्ये १७७४ साली चार्ल्स ब्लॅग्डेन व त्यांचे काही सहकारी सु. १२७° से.पर्यंत तापविलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे थांबले. अशा खोलीत ठेवलेली अंडी शिजून कडक झाली व मांसाचा तुकडा भाजून निघाला. माणसांच्या शरीराचे तापमान मात्र जवळजवळ पूर्वीइतकेच राहिले. अशा निरीक्षणांना तात्त्विक बैठक मिळाली ती फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार (१८१३–७८) यांच्यामुळे. सजीव एकाच वेळी दोन परिसरांत राहतो, एक बाहेरचा व दुसरा शरीरातील द्रवाचा, आणि या दुसऱ्या परिसराच्या स्थैर्यामुळेच उच्च प्राण्यांना बाह्य परिसरापासून स्वातंत्र्य लाभते, असा विचार त्यांनी मांडला. अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक वॉल्टर ब्रॅडफर्ड कॅनन (१८७१–१९४५) यांनी १९२६ मध्ये या स्थैर्यास ‘होमिओस्टॅसिस’ हे नाव दिले.

अंतर्गत परिसर : समुद्रातील एककोशिक जीवाला अन्न पुरविणारे व त्याची मलद्रव्ये सामावून घेणारे पाणी अमर्याद असते. मानवी कोशिकेच्या वाट्याला येणारा ‘समुद्र’ फारच लहान आहे. सत्तर किग्रॅ. वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सु. ४२ लि. पाणी असते. त्यापैकी सु. २८ लि. कोशिकांच्या आत व सु. १४ लि. बाहेर असते. बाहेरच्या पाण्यातही रक्तवाहिन्यांतून फिरणारा रक्तद्रव अवघा तीन ते साडेतीन लि. भरतो. एवढ्याशा द्रवाच्या द्वारे अब्जावधी कोशिकांची देवघेव चालत असल्यामुळे तो सतत नवा करावा लागतो. फुप्फुसे, आतडी, वृक्के (मूत्रपिंडे), यकृत व त्वचा ही इंद्रिये म्हणजे या द्रवाची नाकी होत.

कोशिकेबाहेरच्या द्रवात सोडियमाचे प्रमाण दर लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल, तर पोटॅशियमाचे केवळ ३·५ ते ५ मिलिमोल असते. कोशिकेच्या आत नेमके उलट असते. कोशिकापटल पूर्णतः अपार्य नसल्यामुळे हा भेद आपोआप नाहीसा व्हावयास हवा. पण पटलातील एक एंझाइम सोडियम बाहेर उपसून पोटॅशियम आत घेत राहते. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये या एंझाइमाविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले व त्याबद्दल १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. माणूस स्वस्थ पडून असतानाही त्याच्या ऊर्जाव्ययाचा सु. एक-पंचमांश किंवा त्याहून अधिक भाग या उपशावर खर्च होतो. स्थैर्याची किंमत ती हीच.

नियंत्रणाची रीत : बदल ओळखणारे ग्राही, त्यांच्याकडून आलेल्या संदेशांचा मेळ घालणारे केंद्र आणि दुरुस्ती करणारे इंद्रिय अशी साखळी बहुतेक नियंत्रणांत आढळते. झालेल्या बदलाच्या विरुद्ध दिशेने कार्य होत असल्याने हिला ‘ऋण प्रतिसंभरण’ म्हणतात. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढले की, अग्निपिंडातून इन्शुलीन स्रवते. उपवासात ते घटू लागले की, ग्लुकागॉन स्रवून यकृतातील साठा मोकळा होतो. रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड किंचित वाढताच श्वसन खोल होते व रक्ताचे पीएच मूल्य ७·३५ ते ७·४५ या अरुंद पट्ट्यात राहते. याउलट प्रसूतीच्या कळा व रक्ताचे साखळणे यांत बदल बदलालाच वाढवीत नेतो. परंतु अशा क्रिया एखादे कार्य तडीस नेऊन थांबणाऱ्या असतात.

जल व लवण संतुलन : समस्थितीचे मर्म सर्वांत स्पष्ट दिसते ते पाणी व मीठ यांच्या हिशेबात. वृक्कांतील केशिकागुच्छांतून दिवसाला सु. १८० लि. द्रव गाळला जातो, म्हणजे सगळा रक्तद्रव दिवसातून पन्नास-साठ वेळा गाळून निघतो. त्यातील दीड-दोन लि. सोडून बाकीचे पाणी नलिकांतून परत शोषले जाते. हा व्यवहार वरवर उधळा वाटतो; पण सर्वच बाहेर काढून हवे तेवढे परत घेण्याच्या या रीतीमुळे पूर्वी कधीही शरीरात न आलेले द्रव्यही मूत्रावाटे टाकून देणे बहुधा शक्य होते.

रक्तद्रवाची संहती एक ते दोन टक्के वाढताच मेंदूच्या तळाशी असलेल्या अधोथॅलॅमसातील कोशिका आक्रसतात. त्यामुळे तहान लागते आणि पोष ग्रंथीच्या पश्च खंडातून व्हॅसोप्रेसीन हे हॉर्मोन रक्तात येऊन वृक्क पाणी राखू लागते. यातील एक गोष्ट नवलाची आहे. पाणी प्याल्यावर काही मिनिटांतच तहान शमते. परंतु ते पाणी आतड्यातून शोषले जाऊन रक्ताची संहती पूर्ववत होण्यास त्याहून बराच अधिक वेळ लागतो. तोंड, घसा व पचनमार्ग येथून मिळालेल्या वर्दीवरून मेंदू आगाऊ अंदाज बांधतो आणि पिणे थांबवितो. नुसत्या चुकीच्या दुरुस्तीवर विसंबणारी यंत्रणा येथे गरजेपेक्षा कितीतरी अधिक पाणी पिण्यास लावील.

संहतीप्रमाणेच द्रवाचे आकारमानही राखावे लागते व त्याची व्यवस्था वेगळी आहे. मानेतील व महारोहिणीतील दाबग्राही आणि वृक्कातील रेनीन स्रवणाऱ्या कोशिका यांना रक्ताची तूट कळते. अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरोन स्रवून सोडियम व त्याच्या मागोमाग पाणी राखले जाते. सामान्यतः या दोन व्यवस्था एकमेकींना पूरक असतात. पण शरीरातून मीठ व पाणी दोन्ही गेले आणि भरपाई नुसत्या पाण्याने केली, तर त्यांत विरोध येतो. रक्त पातळ झाल्याने संहतीच्या नियमानुसार पाणी सोडावयास हवे, तर घटलेल्या आकारमानाच्या दृष्टीने ते राखावयास हवे. तूट मोठी असल्यास शरीर दुसरा पक्ष घेते. रक्त पातळ झालेले असूनही व्हॅसोप्रेसीन स्रवत राहते, कारण अभिसरण थांबले तर योग्य संहतीचा उपयोग काहीच नसतो. मात्र सोडियम फारच उतरल्यास मेंदूच्या कोशिका फुगून गुंगी, झटके व मृत्यूही ओढवू शकतो. घामाघूम होऊन तासन्‌तास राबणाऱ्याने केवळ पाणी भरमसाट पिणे यासाठीच धोक्याचे असते.

उष्णतेशी सामना : घामाचे १ लि. पाणी त्वचेवरून वाफ होऊन गेले, तर शरीराची सु. ५८० किलोकॅलरी उष्णता कमी होते. नुसता निथळलेला घाम मात्र पाणी व मीठ घेऊन जातो आणि थंडावा जवळजवळ देत नाही. म्हणून विदर्भातील ४४–४५° से.च्या कोरड्या झळांत घाम येतो न येतो तोच सुकतो व किती पाणी गेले ते कळत नाही. कोकणात दहा अंश कमी असलेल्या दमट हवेत अंग चिंब होऊनही उकाडा हटत नाही. हवेचे तापमान किती, एवढ्या एका आकड्यावरून धोक्याचा अंदाज करणे म्हणूनच फसवे आहे. ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १९०५ मध्येच ओल्या फडक्याने वेढलेल्या तापमापकाचे वाचन यासाठी अधिक विश्वसनीय असल्याचे दाखविले होते. उष्णतेत रोज थोडे काम करीत राहिल्यास सु. दोन आठवड्यांत शरीर सरावते. घाम लवकर व अधिक येऊ लागतो आणि अल्डोस्टेरोनाच्या प्रभावाने त्यातील मिठाचे प्रमाण घटते. हंगामाच्या पहिल्याच कडक दिवसांत पूर्ण वेळ राबणाऱ्या मजुराला ही सवड मिळालेली नसते.

येथेही एका तोलासाठी दुसरा पणास लागतो. उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, आतड्यांचा व वृक्कांचा पुरवठा आटतो आणि घामाने रक्ताचे आकारमान आणखी घटते. शेवटी शरीराचे तापमान ४०° से.च्या पलीकडे जाऊन शुद्ध हरपते, तो उष्माघात होय. याची ज्वराशी गल्लत करू नये. ज्वरात अधोथॅलॅमसातील तापमानाची पातळीच वर सरकविली जाते. म्हणून तापमान चढत असतानाही थंडी वाजते व पॅरासिटामॉलासारख्या औषधाने ती पातळी खाली येते. उष्माघातात पातळी पूर्वीचीच असून यंत्रणा हरलेली असते. तेथे ते औषध निरुपयोगी ठरते. रोग्याचे अंग पाण्याने त्वरित थंड करणे व त्याला रुग्णालयात पोहोचविणे हाच उपाय.

पटकी व तोंडावाटे भरपाई : अंतर्गत परिसर किती वेगाने कोसळू शकतो, हे पटकीच्या (कॉलऱ्याच्या) रोग्यात दिसते. तीव्र रोगात तासाला १ लि.पर्यंत पाणी जुलाबावाटे जाऊ शकते व काही तासांत मृत्यू येतो. कोलकात्याचे शंभुनाथ डे (१९१५–८५) यांनी जंतुविरहित गाळीव द्रवानेही हा परिणाम होतो असे १९५९ मध्ये सिद्ध केले, म्हणजे घात विषाने होतो. हे विष आतड्याच्या अस्तरातून क्लोराइड व त्याबरोबर सोडियम आणि पाणी बाहेर ओतावयास लावते. अस्तर मात्र शाबूत राहते. त्यातील एक वाट उघडी असते, ती सोडियम व ग्लुकोज यांना जोडीनेच आत घेणारी. या जोडवाहतुकीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. नुसते मिठाचे पाणी रोग्याच्या आतड्यात पुरेसे शोषले जात नाही, पण त्यात योग्य प्रमाणात साखर घातली की शोषले जाते, याचे कारण हेच.

या ज्ञानाची कसोटी १९७१ मध्ये बांगला देशाच्या मुक्तियुद्धाच्या वेळी लागली. सीमेवरील बनगाव (प. बंगाल) येथील निर्वासितांत पटकी पसरली आणि शिरेवाटे द्यावयाचा द्रव अपुरा पडू लागला. दिलीप महालनबीस (१९३४–२०२२) यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे मोजलेले मिश्रण पाण्यात कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिले. पूर्वी ३० टक्क्यांपर्यंत गेलेले मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या देखरेखीखालील रोग्यांत ३·६ टक्क्यांवर आले. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे हा उपचार जगभर पोहोचविला; २००२ नंतरच्या मिश्रणात १ लि. पाण्यासाठी २·६ ग्रॅ. मीठ, १३·५ ग्रॅ. ग्लुकोज, १·५ ग्रॅ. पोटॅशियम क्लोराइड व २·९ ग्रॅ. ट्रायसोडियम सायट्रेट असते. येथे माप हेच औषध आहे. साखर जास्त झाल्यास तर्षणामुळे (पातळ द्रवाकडून दाट द्रवाकडे पाणी ओढले जाण्याच्या क्रियेमुळे) पाणी उलट आतड्यात खेचले जाऊन जुलाब वाढतात. तांदळाच्या पिठाची मीठ घातलेली पेज पटकीत उपयुक्त ठरते, कारण तिच्यातील स्टार्चापासून ग्लुकोज हळूहळू सुटते व तर्षण दाब वाढत नाही.

अर्भकांना जुलाब अधिक घातक का ठरतात, याचे उत्तर साध्या गणितात आहे. प्रौढ माणूस कोशिकाबाह्य द्रवाच्या सु. एक-सप्तमांश इतक्या पाण्याची रोज देवघेव करतो, ७ किग्रॅ. वजनाचे अर्भक सु. निम्म्याची करते. त्याची गंगाजळीच लहान आणि उलाढाल मोठी, शिवाय तहान लागली तरी स्वतः पाणी घेण्याची सोय नाही. वार्धक्यात तहानेची जाणीव बोथट होते व वृक्कांची पाणी राखण्याची शक्तीही उतरते. त्यामुळे उन्हाळ्यात वृद्धांना, हृदयविकार वा वृक्कविकारासाठी पाण्यावर निर्बंध नसल्यास, न मागताही पाणी द्यावे.

वृक्के निकामी झाल्यावर अपोहनाने (कृत्रिम रीत्या रक्तशुद्धी करून) जीवन टिकविता येते. बहुधा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सु. चार तास रक्त यंत्रातून फिरविले जाते; म्हणजे जे काम वृक्के आठवड्याचे १६८ तास करीत होती, ते बारा तासांत उरकावे लागते. मधल्या काळातील हिशेब रोग्यालाच ठेवावा लागतो. पाणी मोजून प्यावे लागते, मीठ तोलून खावे लागते आणि इतरांना आरोग्यदायी असलेले शहाळ्याचे पाणीही त्यातील पोटॅशियमामुळे अशा रोग्याचे हृदय बंद पाडू शकते.