जखमा आणि पोटावरची पिशवी : नर्सिंगमधील एक दुर्लक्षित हुनर

मुलगी बारावी झाली की आपल्याकडे शिक्षिकेचा कोर्स, शिवणकाम किंवा सरळ लग्न, एवढ्यावरच घरातील बोलणी थांबतात. नर्सिंगचे नाव निघालेच तर ‘रात्रपाळी’ हा एक शब्द उच्चारून विषय मिटवला जातो. या पानावर आम्ही धंद्याच्या आणि कारागिरीच्या गोष्टी लिहितो. नर्सिंगमध्येही खऱ्या अर्थाने हाताची कारागिरी असलेली एक शाखा आहे. न भरणाऱ्या जखमा आणि पोटावर पिशवी लावलेले रुग्ण सांभाळणे, हे तिचे काम.

पिशवी म्हणजे काय, हे आधी सांगावे लागेल, कारण ज्यांच्या घरी हा प्रसंग येतो ते शेजाऱ्यालाही कळू देत नाहीत. गुदाशयाचा कर्करोग, फुटलेले आतडे, अपघात अशा कारणांनी सर्जनला कधी कधी आतड्याचे तोंड पोटावर बाहेर काढावे लागते. या तोंडाला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचे असेल तर कोलोस्टॉमी, लहान आतड्याचे असेल तर इलिओस्टॉमी. मूत्राशय काढले असेल तर लघवीसाठीही असाच मार्ग करतात. शौचावर ताबा राहत नाही, म्हणून पोटाला पिशवी चिकटवावी लागते; काहींना काही महिने, काहींना जन्मभर. ऑपरेशन काही तासांत संपते. पिशवीबरोबरचे आयुष्य मात्र रुग्णाला काढायचे असते. पिशवी गळू लागली, वास येऊ लागला की दुकानदार गल्ल्यावर बसायचे टाळतो आणि नमाजी जमातीत जायचे सोडतो. जीव वाचला, पण माणूस घरात कोंडला गेला.

हे टाळणे परिचारिकेच्या हातात असते आणि तिचे काम ऑपरेशनच्या आधीच सुरू होते. स्टोमा पोटावर नेमका कुठे यावा, याची खूण ती करते. रुग्णाला झोपवून, बसवून, उभे करून, वाकवून ती पोटाच्या घड्या पाहते. जागा हाडापासून आणि जुन्या व्रणापासून दूर हवी, पायजम्याची नाडी किंवा लुंगीची गाठ येते तिथे नको, आणि रुग्णाला स्वतःला दिसेल अशी हवी. नमाजी माणसाचे पोट रुकू आणि सजद्यात कसे दुमडते, हेही पाहायला हवे. दिवसभर मांडी घालून काम करणारा जरीकाम कारागीर असेल तर त्याला तसे बसवून पाहायला हवे. आपल्यातून गेलेल्या परिचारिकेला या गोष्टी कुणी शिकवाव्या लागणार नाहीत.

ऑपरेशननंतर मापाचे काम येते. पिशवीच्या चकतीला पाडायचे भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठे लागते. जास्त सैल झाले तर आतड्यातील पाचक रस कातडी जाळतो, घट्ट झाले तर स्टोमाला इजा होते. सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो, म्हणून माप पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करावी, भरू देऊ नये. हमालीचे, ओझ्याचे काम करणाऱ्याला स्टोमाभोवती हर्निया होण्याचा धोका असतो. इलिओस्टॉमीच्या रुग्णाच्या शरीरातून पाणी आणि मीठ फार जाते, त्यामुळे रोजे ठेवण्याआधी त्याने डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

‘पिशवी असताना नमाज होते का?’ हा प्रश्न अनेकांना छळतो आणि लाजेपोटी ते तो विचारत नाहीत. ज्याच्या शरीरातून सतत काही वाहत असते तो शरीयतमध्ये माजूर मानला जातो. हनफी मसलकप्रमाणे तो प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी नवा वुजू करून नमाज अदा करतो. तपशील आपल्या आलिमांकडून घ्यावा. पण नमाज सोडून घरी बसण्याचे कारण नाही, हे रुग्णाला पलंगापाशी कुणीतरी सांगायला हवे.

ही विद्या उभी राहिली ती एका रुग्ण स्त्रीमुळे. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या नॉर्मा गिल यांच्यावर क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी 1954 साली इलिओस्टॉमी केली. स्वतः सोसलेले त्या इतरांना शिकवू लागल्या, तेव्हा 1958 साली टर्नबुल यांनी त्यांना याच कामासाठी नोकरीवर घेतले. 1961 साली तिथे या विषयाची पहिली शाळा निघाली. नॉर्माबाई नर्स नव्हत्या. हे काम नोंदणीकृत परिचारिकांचे ठरले ते पुढे. व्यापारी बंधूंना डेन्मार्कची गोष्ट अधिक आवडेल. एलिसे सोरेन्सन या परिचारिकेने 1954 साली आपल्या बहिणीसाठी चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना मांडली. प्लॅस्टिकचे कारखानदार आगे लुई-हानसेन यांच्या पत्नीही परिचारिका होत्या. त्यांनी पतीला पिशवी बनवायला राजी केले आणि त्यातूनच 1957 साली कोलोप्लास्ट कंपनी निघाली. आज तिचा माल भारतातही विकला जातो.

जखमांचे काम याहून मोठे आहे, कारण मधुमेह घरोघरी आला आहे. शुगरमुळे पायाची संवेदना जाते. खिळा टोचला तरी कळत नाही, जखम चिघळते आणि शेवटी पाय कापायची वेळ येते. जखम उघडी ठेवून वाळवली की लवकर भरते, हा समज अजून पक्का आहे. ओलसर राखलेल्या जखमेवर नवी कातडी लवकर येते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 सालीच दाखवून दिले होते. कोणत्या जखमेला कोणते ड्रेसिंग, मेलेले मांस कधी काढायचे, पायावरचा भार कसा हलका करायचा, हे या परिचारिकेला कळते. मायक्रोसेल्युलर रबराच्या मऊ चपला हा त्याच उपचाराचा भाग आहे, आणि पायाच्या मापाने त्या बनवणारे कारागीर कमी आहेत. आमच्या चप्पल-कारागीर वाचकांनी याची नोंद घ्यावी.

नर्सिंग हे आपले काम नव्हे असे म्हणणाऱ्यांनी सीरत पुन्हा वाचावी. खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांची शुश्रूषा मस्जिदे नबवीतील ज्या तंबूत झाली, तो रुफैदा (रजि.) या महिलेचा होता आणि जखमींची मलमपट्टी हेच त्यांचे काम होते.

आता रोजीचा हिशेब. बारावीनंतर जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा असतो. त्यानंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, वॉर्डातील अनुभव आणि मग ही विशेष शाखा. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात स्टोमा क्लिनिक आहे आणि तिथे परिचारिकांना हे शिक्षण दिले जाते. हे काम मुलांनाही खुले आहे. पुरुष रुग्णांना ‘ब्रदर’ जवळ बोलणे सोपे जाते.

पगाराबाबत मात्र आम्ही गोड चित्र रंगवणार नाही. अनेक रुग्णालयांत या परिचारिकेला साध्या स्टाफ नर्सइतकाच पगार मिळतो आणि वॉर्डाची ड्युटीही करावी लागते. पिशव्या बनवणाऱ्या कंपन्याही परिचारिकांना नोकरी देतात. पण तिथे एक पेच असतो. कंपनीची परिचारिका कंपनीचीच पिशवी सुचवणार, मग ती गरीब रुग्णाला परवडो वा न परवडो. आमच्या मते सुरुवात रुग्णालयातच करावी. अनुभव झाल्यावर घरी जाऊन ड्रेसिंग करण्याचे स्वतंत्र काम डॉक्टरांच्या सल्ल्याने उभे करता येते. आखाती देशांत जायचे असेल तर तिथली परवाना परीक्षा द्यावी लागते.

प्रवेश घेताना संस्थेला नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे की नाही, हे फी भरण्याआधी कौन्सिलच्या यादीत पाहावे. सहा महिन्यांत ‘नर्स’ बनवून देणारे वर्ग गल्लोगल्ली दिसतात. त्यांच्या प्रमाणपत्रावर नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय या शाखेचे दार उघडत नाही.