ज्योती याराजी : वाऱ्याशी झुंज
शंभर मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत महिलांना ८३.८ सेंटिमीटर उंचीचे दहा अडथळे पार करावे लागतात. दोहोंमधील साडेआठ मीटर अंतर तीन पावलांत कापायचे असते. विशाखापट्टणमच्या ज्योती याराजी हिच्यापुढे आणखी दोन उभे राहिले. २०२० मधील तिची १३.०३ सेकंदांची वेळ उत्तेजक चाचणीअभावी राष्ट्रीय विक्रम ठरली नाही. २०२२ मध्ये कोझिकोडला १३.०९, पण पाठचा वारा सेकंदाला २.१ मीटर, मर्यादा २.० ची! नियम योग्यच, तरी मनाला लागतेच. सुरक्षारक्षकाच्या या कन्येने मे महिन्यात सायप्रसमध्ये १३.२३ सेकंदांत, म्हणजे नाकारलेल्या वेळांहून सावकाश धावून, अनुराधा बिस्वाल यांचा २००२ मधील १३.३८ चा विक्रम मोडला. ऑक्टोबरात बंगळुरूला तिने १२.८२ सेकंदांची नोंद केली, तीही पाठचा वारा मर्यादेत असताना.