सिरॅमिक कला : दालनात शिरण्यापूर्वी

माती आणि आच
- टेराकोटा : साधारण १००० अंश सेल्सिअसला भाजलेली, बहुधा बिनझिलईची माती. पाणी झिरपतं.
- स्टोनवेअर : १२०० ते १३०० अंश. घट्ट, जड, पाणी न शोषणारं.
- पोर्सेलिन : केओलिनयुक्त चिनी माती, १३०० अंशांच्या आसपास. पातळ भागातून उजेड आरपार दिसतो.

जयपूरच्या ब्लू पॉटरीत मात्र मुख्य घटक माती नव्हे, क्वार्ट्झची पूड.

कुठे, केव्हा
- इंडियन सिरॅमिक्स ट्रिएनाले (सिरॅमिक कलेचं प्रदर्शन) : पहिलं पर्व २०१८, जवाहर कला केंद्र, जयपूर, दुसरं २०२४, दिल्ली.
- गोल्डन ब्रिज पॉटरी, पुद्दुचेरी : १९७१. संस्थापक रे मीकर आणि डेबोरा स्मिथ. आजचे अनेक नामवंत सिरॅमिक कलावंत इथे घडले.
- डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, भायखळा : एकोणिसाव्या शतकातली, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेली ‘बॉम्बे स्कूल’ पॉटरी. आवर्जून पाहावी अशी.
- टेट मॉडर्न, लंडन, २०१० : चिनी कलावंत आय वेवे यांची ‘सनफ्लॉवर सीड्स’ ही कलाकृती. सूर्यफुलाच्या सुमारे १० कोटी बिया, सगळ्या पोर्सेलिनच्या. चीनमधल्या जिंगदेझेनच्या कारागिरांनी एकेक हातानं रंगवलेल्या. सुरुवातीला प्रेक्षक त्यांच्यावरून चालत. उडणारी धूळ श्वासातून जाण्याच्या धोक्यामुळे काही दिवसांतच ते चालणं बंद झालं.