चिंचेनें उजळलेली शिवराई

तांब्याचें भांडें चिंचेनें लखलखीत करावें हा आपला घरोघरचा शिरस्ता. परंतु तोच न्याय जुन्या नाण्यास लावणें हानिकारक होय. १६७४ सालीं राज्याभिषेकसमयीं शिवछत्रपतींनीं पाडविलेल्या शिवराईवर एका अंगास 'श्री राजा शिव' व दुसऱ्या अंगास 'छत्रपति' हीं अक्षरें असतात. पुढें पेशवाईंतही त्याच छापाच्या शिवराया पडत राहिल्या. म्हणून आरंभींची स्पष्टाक्षरी शिवराई महाग. ती ऑनलाईन विक्रीस दिसली कीं मन मोहित होतें.

तांब्यावर कालांतरानें चढलेला तपकिरी थर हा मळ नव्हे; तें नाण्याचें कवच व वयाची खूण होय. आम्लानें तो गेला कीं आंतील गुलाबी तांबें उघडें पडतें. घासल्यास बारीक ओरखडे उमटतात. गेलेला थर परत येत नाहीं, आणि अस्सलपणाची एक साक्षही त्यासवें जाते.

ह्यास्तव आम्ही असें सुचवितों कीं, दोन्ही अंगांचीं व कडेचीं तिरप्या उजेडांतील छायाचित्रें आणि वजन मागावें. परतीची अट लेखी घ्यावी. विक्रेता कांकूं करील तर हात आंखडावा. नाणें अस्सल पण उजळलेलें ठरल्यास कमी किंमतींत संग्रहार्थ अवश्य घ्यावें; विकून नफा होईल ह्या आशेनें मात्र घरची पुंजी घालूं नये. आणि घरीं आल्यावर त्यास पुन्हां चिंच लावूं नये, एवढी गृहिणींस सविनय विनंति!