चेस्टर आर्थर यांच्या मागे लागलेला वकील

अमेरिकेचे एकविसावे राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर आज तिथेही फारसे कुणाला आठवत नाहीत. मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या मागे हात धुऊन लागलेल्या ए. पी. हिनमन या न्यूयॉर्कच्या वकिलाचं कुतूहल अनेक वर्षांपासून आहे.

राष्ट्राध्यक्ष जन्मजात नागरिकच हवा, ही अमेरिकेची अट ओबामांच्या जन्मदाखल्याच्या तमाशामुळे सगळ्यांना ठाऊक झाली. घटनेत ती आली मात्र गुपचूप. २५ जुलै १७८७ला मुत्सद्दी जॉन जे यांनी घटनापरिषदेचे अध्यक्ष वॉशिंग्टन यांना पत्र लिहिलं : सरसेनापतिपद जन्मजात नागरिकाशिवाय कुणाकडे जाऊ नये. 'बॉर्न' हा शब्द त्यांनी अधोरेखित केला होता. सप्टेंबरात अट मसुद्यात आली आणि चर्चेविना मंजूर झाली. जन्मजात कुणाला म्हणायचं, हे लिहून ठेवायची तसदी कुणी घेतली नाही. (आपल्याकडे मे १९९९मध्ये पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांनी अशीच अट घटनेत आणा म्हणून सोनिया गांधींना पत्र लिहिलं, काँग्रेसबाहेर गेले, आणि ऑक्टोबरात पवारांचा नवा पक्ष मुंबईत त्याच काँग्रेसबरोबर सत्तेत बसला.)

१८८०मध्ये आर्थर उपराष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिले आणि हिनमन कामाला लागला. डेमोक्रॅटांनीच त्याला नेमलंय, असं तेव्हा बोललं जाई. आधी त्याने आर्थर यांचा जन्म आयर्लंडमधला ठरवला. ते टिकेना, तेव्हा कॅनडातला. व्हरमाँटमध्ये जन्मून वारलेल्या धाकट्या भावाची जन्मनोंद आर्थर यांनी स्वतःच्या नावावर खपवली, असा त्याचा दावा. १८८१मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांचा खून झाला, आर्थर राष्ट्राध्यक्ष झाले, तरी गडी थांबला नाही. १८८४मध्ये त्याने पुस्तिकाच काढली. 'ब्रिटिश प्रजाजन अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष कसा झाला' अशा थाटाचं तिचं नाव.

गंमत म्हणजे, आर्थर खरोखरच काहीतरी लपवत होते. जन्मसाल ते १८३० सांगत, थडग्यावरही तेच कोरलंय. घरच्या बायबलातली नोंद मात्र १८२९ची. मरणाआधी त्यांनी आपले बहुतेक कागद जाळायला लावले. संशयी माणसाला आणखी काय हवं! मला विचाराल तर वय चोरण्यामागे हौसेपलीकडे काही नव्हतं.

पण हिनमनने खणलं भलत्याच ठिकाणी. वडील विल्यम आर्थर आयर्लंडमधून आलेले बॅप्टिस्ट धर्मोपदेशक. त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं ऑगस्ट १८४३मध्ये, म्हणजे चेस्टर तेरा वर्षांचे असताना. मुलगा जन्मला तेव्हा बाप ब्रिटिश प्रजाजन होता. नागरिकत्व बापाकडून येतं असं मानणाऱ्यांना एवढा एक कागद पुरला असता. हिनमन जन्मगावाच्याच नादात राहिला.

तो कागद निघाला असता तरी मुद्दा कोर्टात टिकला असता, असं मला वाटत नाही. २८ मार्च १८९८ला वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी आचाऱ्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध २ असा निकाल दिला : आईबाप परदेशी असले तरी इथे स्थायिक असतील, तर इथे जन्मलेलं मूल इथलंच नागरिक. सरन्यायाधीश फुलर यांनी विरोधी मतात बोट ठेवलं, की मग चिन्यांची मुलं राष्ट्राध्यक्षपदाला पात्र ठरतील आणि अमेरिकनांना परदेशात झालेली मुलं अपात्र. बहुमताचा निकाल लिहिला होता न्यायमूर्ती होरेस ग्रे यांनी. त्यांना नेमलं होतं चेस्टर आर्थर यांनी. यात कट पाहणारे आजही आहेत; मला नेमणुकीपलीकडे काही दिसत नाही.

आणि मूळ प्रश्न तसाच आहे. राष्ट्राध्यक्षपदासाठी 'जन्मजात नागरिक' म्हणजे नेमकं कोण, हे सुप्रीम कोर्टाने आजवर एकदाही ठरवलेलं नाही.